चिठ्ठ्या बदलल्या आणि झाशी गेली कोथरूडला

आमचं बाइंडिंगचं दुकान अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात, दुकान कसलं, दहा बाय दहाची खोली, एक कटिंग मशीन, एक प्रेस आणि खळीचं पातेलं. पुस्तक उसवलं की पानांचा क्रम बघताना दोन ओळी वाचल्या जातात, मग चार, मग चहा गार होतो. बायको म्हणते तुम्ही शिवता कमी वाचता जास्त, खरंय.

मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन पुस्तकं आली. एक कोथरूडच्या काकूंची 'रुचिरा', कमलाबाई ओगल्यांची, पुस्तक पहिल्यांदा आलं १९७० साली आणि ही प्रत काकूंच्या सासूबाईंची. दुसरं एका एम.ए.च्या मुलाचं, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. रुचिराची हालत विचारू नका. चकलीच्या पानावर हळदीचं बोट, कडेला पेन्सिलीनं 'भाजणी जास्त भाजणे, ह्यांना आवडते', आणि तुपाच्या डागावर खळ धरतच नाही, दोनदा लावली दोनदा सुटली. गोडसे भटजी मात्र कोरे करकरीत, नुसती पाठ निखळलेली.

आता पाककृतीचं पुस्तक कोण वाचत बसतं, पण मी बसलो. त्यात सगळं वाटी-चमच्याच्या मापात, उगाच अंदाजपंचे नाही, नवी नवरीसुद्धा चुकणार नाही असं. आणि भटजींच्या प्रवासात कशालाच माप नाही! घरचं कर्ज फिटावं, चार पैसे दक्षिणा मिळावी म्हणून वरसईहून उत्तरेला निघालेला माणूस १८५७ च्या बंडात सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो, कमावलेलं पुन्हापुन्हा लुटलं जातं. झाशी पडल्यावर वाटेत राणी भेटते, अंगभर धूळ, भटजी पाणी काढून द्यायला पुढं होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको, मीच काढते. तिथं माझा हात खळीतच राहिला. इतिहासाच्या पुस्तकातली राणी घोड्यावर असते हो, तहानलेली नसते.

तर ह्या नादात घोटाळा झाला. दोन्हीला एकच मरून कापड, वर नाव कुणालाच नको होतं, पेपरात गुंडाळून चिठ्ठ्या मीच डकवल्या, उलट्या. एक विटेएवढं आणि एक वहीएवढं, तरी कळलं नाही, म्हणजे बघा. न्यायला आले काकूंचा नातू आणि त्या मुलाचा रूममेट, त्यांना तरी काय माहीत.

संध्याकाळी मुलाचा फोन, "काका, उद्या माझं प्रेझेंटेशन आहे आणि यात सुरळीच्या वड्या आहेत." धो धो पाऊस, तसाच गाडीवर मंडईजवळच्या त्याच्या रूमवर जाऊन रुचिरा घेतली, पोटाशी प्लास्टिकमध्ये धरली आणि कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून कोथरूड.

काकूंनी दार उघडलं, चष्मा डोक्यावर, बोट पुस्तकात. माझी माफी ऐकूनच घेतली नाही. "थांबा हो, अजून झाशी जळतीये."

मी ओला होऊन दारातच उभा. मग टॉवेल आला, चहा आला, पुस्तक काही येईना. शेवटी म्हणाल्या, "एवढा जिवावर उदार होऊन फिरला आणि घरी आणलं काय, तर गंगेची कावड. आमचे हे असते तर मी दारातच विचारलं असतं, पैसे कुठायत." शेवट आधी वाचलावतात वाटतं, म्हटलं. "मग! माणूस घरी पोचतो की नाही ते नको बघायला?"

पुस्तक परत मिळालं, झेरॉक्स काढून आणून द्यायच्या बोलीवर.

मग रुचिरा हातात घेतली. आधी कडेची पेन्सिल शाबूत आहे का बघायचं होतं त्यांना. टेबलावर ठेवून पुस्तक सोडून दिलं, ते भलत्याच पानावर उघडलं. पुन्हा मिटून सोडलं, पुन्हा भलतंच. "पूर्वी आपोआप चकलीवर उघडायचं," म्हणाल्या.

नवीन शिलाई आहे काकू, म्हटलं, घट्ट असते सुरुवातीला.

"हं," म्हणाल्या आणि अनुक्रमणिका काढली.