थाई भीड आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट

बँकॉकमधल्या ऑन नुट भागातल्या आमच्या गल्लीतल्या खानावळीत 'नुअ नको' असं सांगितलं की मावशी हसून 'दाय, दाय' म्हणतात आणि ताटलीत डुकराचं मांस येतं. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. 'नुअ' म्हणजे मांस हे पुस्तकात बरोबर असतं, पण रोजच्या बोलण्यात नुसतं 'नुअ' म्हटलं की ऐकणाऱ्याला गोमांस कळतं. ते त्यांनी घातलेलं नसतं. 'दाय' म्हणजे होईल, जमेल, चालेल. हा शब्द बँकॉकमध्ये दिवसातून पन्नासदा ऐकू येतो, आणि त्यावर किती विसंबायचं हे कळायला मला चार महिन्यांतला बराच काळ लागला.

अयुथया, कांचनबुरी, हुआ हिन सगळं पाहून झालं. सुंदर आहे, जरूर जा. पण मला लिहायचंय ते सुकुमवित रस्त्याच्या सत्याहत्तराव्या सोईत, म्हणजे गल्लीत, थाई लोकांच्या शेजारी राहण्याबद्दल. नोकरीनिमित्त किंवा नवरा-बायकोच्या बदलीमुळे तिकडे जाणाऱ्या मराठी लोकांना हीच माहिती कुणी देत नाही.

आधी जेवणच संपवते, कारण शाकाहारी माणसाचे पहिले पंधरा दिवस तिथे फार वाईट जातात. 'मांस नको, मासा नको' एवढं सांगून भागत नाही. थाई स्वयंपाकात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, हे आपल्याकडच्या मिठाच्या जागी असतं. मीठ घातलं का असं आपण कुणाला विचारत नाही, तसंच त्यांना नाम प्ला सांगण्यासारखी गोष्ट वाटत नाही. भाजी परतताना पळीभर नाम मान होय पडतं, ते कालवांचं. रश्श्याच्या वाटणात कपी असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. हे वाटण आधीच तयार असतं, त्यामुळे रस्सा 'कपी न घालता' मिळूच शकत नाही. कढईत समोर परतलेली भाजी मात्र मिळू शकते.

उपाय दोन आहेत. पहिला शब्द 'चे'. रोमन लिपीत तो वेगळा लिहितात, म्हणून आपले लोक 'जे' म्हणतात. खरा उच्चार आपल्या 'च'चा आहे. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते लांबून 17 या आकड्यासारखं दिसतं. तो आकडा दिसला की निर्धास्त आत जा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला याहून सोयीचं काय असेल! साधारण ऑक्टोबरात नऊ दिवसांचा चे-उत्सव येतो, तेव्हा रस्तोरस्ती ही पिवळी निशाणं लागतात. दुसरा शब्द 'मांगसाविरात'. तो कानाला परका लागतो, पण जरा सावकाश म्हणून पाहा: मांसविरती. यात अंडं-दूध चालतं, आणि त्यामुळेच स्वयंपाकी जरा सैल असतात.

शब्दांपेक्षाही महत्त्वाची आहे प्रश्न विचारण्याची पद्धत. 'यात मासा नाही ना?' असं विचारलंत तर उत्तर 'दाय' किंवा नुसतं हसू. 'साइ आराइ बांग?' असं विचारा, म्हणजे 'काय काय घालता?' मग मावशी एकेक बाटली उचलून दाखवतात. त्यातली जी नको तिच्याकडे बोट दाखवून 'माइ साइ' म्हणायचं, घालू नका. नको म्हणायची पाळी त्यांच्यावर येत नाही, म्हणून उत्तर खरं मिळतं. हे सूत्र पुढे घरमालकापासून वायरमनपर्यंत सगळीकडे लागू पडतं.

मराठी कानाला इथे एक मोठी देणगी आहे आणि ती वापरायला हवी. कोंबडी म्हणजे 'काइ', अंडं म्हणजे 'खाइ'. गोऱ्या लोकांना यातला फरक ऐकू येता येत नाही. आपल्याला क-ख, त-थ, प-फ बालवाडीपासून येतात, फक्त 'फ' ओठ मिटून म्हणायचा, फळातला. अडतं ते सुरांत. 'क्लाइ' वरून खाली आणत म्हटलं तर जवळ, एकाच पट्टीत सरळ म्हटलं तर लांब. पत्ता विचारताना याने घात होतो. म्हणून 'क्लाइ का?' असं विचारूच नये, किती मिनिटं ते विचारावं.

तुळस पाहून मात्र मन दचकतं. 'फत कफ्राव' हा तिथला वडापावाइतका घरोघरचा पदार्थ: मिरची-लसूण ठेचून, मांसाचा खिमा घालून, शेवटी मूठभर कफ्राव. आणि ही कफ्राव म्हणजे आपल्या वृंदावनातलीच तुळस. टोफू घालून करून मागितली तर मिळते. चव विलक्षण असते, आणि मनाची समजूत ज्याची त्याने घालावी.

आता त्या 'दाय'च्या मुळाशी येते. थाई लोकांत 'क्रेंग चाइ' नावाची एक गोष्ट आहे. शब्दशः 'मन कचरणं'. समोरच्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये, त्याचा शब्द मोडू नये, त्याला चारचौघांत ओशाळं करू नये, यासाठी माणूस आपली अडचण गिळतो. मराठीत याला नेमका शब्द आहे: भीड. फरक एवढाच की आपण 'भीड भिकेची बहीण' म्हणून तिला नावं ठेवतो, आणि तिकडे जिला भीड नाही ती व्यक्ती असंस्कृत. मला त्यांची बाजू पटते. चार महिन्यांत आमच्या गल्लीत एकदाही कुणी कुणावर ओरडलेलं ऐकलं नाही. पण ही भीड कागदपत्रांत शिरली की परदेशी माणसाचं नुकसान होतं, आणि ते कसं हे नीट समजून घ्या.

परदेशी भाडेकरू राहायला आला की घरमालकाने 24 तासांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं असतं. या फॉर्मला सगळे 'टीएम थर्टी' म्हणतात. जबाबदारी मालकाची, पण अडतं आपलं: व्हिसाची मुदत वाढवायला गेलं की खिडकीवर पहिल्यांदा तीच पावती मागतात. मालकीणबाईंना विचारलं, 'कराल ना?' तर 'दाय'. आठवड्याने विचारलं, 'दियाव', म्हणजे जरा थांबा. खरं कारण बहुतेकदा हे असतं की भाड्याच्या उत्पन्नाची सरकारदरबारी नोंद व्हावी असं त्यांना वाटत नसतं, आणि तोंडावर नाही म्हणायची भीड. म्हणून ही गोष्ट डिपॉझिट हातात देण्याआधी करारात लिहून घ्या. सोबत तीन कागदांच्या प्रतीही तेव्हाच मागून घ्या: मालकाचं ओळखपत्र, घराचं निळं नोंदणी पुस्तक म्हणजे 'थबियन बान', आणि सही केलेला करार. प्रत्येक प्रतीवर ज्याची त्याची सही हवी, नुसती झेरॉक्स परत पाठवतात.

पुढचं सगळं तारखांचं गणित. लांब मुदतीच्या व्हिसावर दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. मुदतीच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत चालतं, फी नाही, पण चुकलात तर 2000 बाथ दंड. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी परत आल्या दिवसापासून नव्याने सुरू. आणि हे कृपा करून विसरू नका: मुदतवाढ मिळाल्यावर भारतात लग्नाला, गणपतीला जायचं असेल तर आधी री-एंट्री परमिट घ्या, एका वेळचं 1000 बाथ. ते न घेता विमानात बसलात तर 1900 बाथ भरून मिळवलेली मुदतवाढ तिथेच संपते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. इतकी मोठी चूक इतक्या सहज होते याचा मला राग येतो, कारण विमानतळावर त्या घाईत कुणी आठवण करून देत नाही.

खोलीचं म्हणाल तर रिवाज दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं. भाडं कमी दिसलं की विजेचा दर विचारा. बँकॉकच्या महानगर वीज मंडळाचा घरगुती दर युनिटला साधारण 4 ते 5 बाथ पडतो. इमारतवाले स्वतःच्या मीटरवर 7-8 लावतात. रात्रभर एसी चालणाऱ्या गावात हा फरक भाड्याइतकाच महत्त्वाचा. पहिल्या दिवशी मीटरच्या आकड्याचा, भिंतीवरच्या प्रत्येक डागाचा, गादीचा, एसीच्या पाण्याच्या नळीचा फोटो काढून मालकाला लगेच पाठवा. निघताना वाद घालावा लागत नाही, फोटोच बोलतात; आणि वाद घालणारा तिथे हरतोच. आवाज चढवला की समोरचा माणूस हसतो. ते हसू टिंगलीचं नसतं, त्याला तुमची लाज वाटत असते. पण काम तिथे संपलेलं असतं.

फोडणीबद्दल वेगळं सांगायला हवं. या खोल्यांत खिडकी एकच, ओट्यावर एक इंडक्शन, आणि दाराखालून हवा थेट व्हरांड्यात. लाल मिरची-हिंगाची फोडणी दिली की तीन दारांपर्यंत ठसका जातो. शेजारीण तुमच्या दारावर येणार नाही. ती खाली ऑफिसात सांगेल, ऑफिसवाली नाव न घेता लिफ्टमध्ये एक कागद लावेल: 'तीव्र वासाचा स्वयंपाक गॅलरीत करावा.' तो कागद आपल्यासाठी आहे हे ओळखायचं. थाई लोकांना ठसक्याचं वावडं नाही, फत कफ्रावनेही डोळ्यांतून पाणी येतंच. म्हणून तर त्यांच्या घरात मिरची परतायची चूल मागच्या अंगणात असते. गॅलरीत इंडक्शन न्या, खोलीचं दार घट्ट लावा, फोडणी आटोपल्यावर आत या. आणि शेजारणीला फळं द्या. ती पिशवी लगेच उघडून पाहणार नाही, वाईट वाटून घेऊ नका, देणाऱ्यासमोर भेट उघडायची तिथे रीत नाही.

पत्त्यात 77/12 असं तिरक्या रेघेने लिहिलेलं असतं, तो मूळ जागेचा आणि नंतर पाडलेल्या भागाचा क्रमांक. विषम सोई एका बाजूला, सम दुसऱ्या, आणि समोरासमोर आकडे जुळत नाहीत: थाँग लो ही पंचावन्नावी सोई, तिच्यासमोर अडतिसावी. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले बसतात, भाडं बहुधा फलकावर लिहिलेलं असतं. पिण्याचं पाणी नाण्यांच्या यंत्रातून भरायचं, एका बाथाला साधारण लिटरभर; गाळणी बदलल्याची तारीख चिकटवलेली असते, ती बघितल्याशिवाय बाटली लावू नका.

तारखांवरून आठवलं. वर्ष बुद्धाब्द लिहितात, आपल्यापेक्षा 543 ने पुढे. दुधाच्या पिशवीवर 68 दिसलं तर ते 2568, म्हणजे 2025. महिने मात्र मराठी माणसाला एका दिवसात पाठ होतात, कारण त्या राशी आहेत: मेसायोन एप्रिल, मिथुनायोन जून, सिंगहाखोम ऑगस्ट, कान्यायोन सप्टेंबर. 'योन' म्हणजे तीस दिवस, 'खोम' म्हणजे एकतीस. मंगळवार 'आंगखान', आपला अंगारक. आणि एप्रिलच्या 13 तारखेला ज्या सोंगक्रानला सगळं शहर पाण्यात भिजतं, ती मेष संक्रांत.

माणसांना हाक मारताना आडनाव विसरा. थाई आडनावं 1913 च्या कायद्याने आली, आणि अजूनही ऑफिसात साहेबसुद्धा 'खुन' लावून पहिल्या नावानेच ओळखला जातो. घरचं नाव वेगळंच: लेक म्हणजे लहान, नोक म्हणजे पक्षी, कुंग म्हणजे कोळंबी. तुमचं वय पहिल्या भेटीत विचारतात, त्यात आगाऊपणा नाही. मोठा असेल तर 'फी', लहान असेल तर 'नोंग' म्हणायचं ठरवायचं असतं. आपण मावशी आणि आत्या यांत आईकडची-वडिलांकडची असा भेद करतो, ते आई-वडिलांपेक्षा थोरली की धाकटी हे आधी बघतात. थोरली ती 'पा'. पण चाळिशीतल्या बाईला 'पा' म्हणू नका, 'फी' म्हणा. मनातून दुखावेल आणि सांगणार नाही.

संध्याकाळी सहाला आमच्या इमारतीचे राखणदार आणि झाडलोट करणाऱ्या दोघी जिन्याखाली चटई टाकून बसायच्या. जाता-येता विचारायच्या, 'किन खाव रु यांग?' जेवलात का? हा नमस्कारच आहे, आपल्या 'झालं का जेवण?'सारखा. 'किन लॅव', झालं, म्हणून पुढे जाता येतं. 'यांग', अजून नाही, असं म्हटलं की त्या खरोखरच सरकून जागा करतात, आणि मग उठून जाणं जमत नाही. पपईच्या कोशिंबिरीत आंबवलेल्या माशाचं पाणी असतं, भाजलेल्या कोंबडीकडे तर बघायलाच नको. पण वेताच्या टोपलीतला चिकट भात हाताने गोळा करून खायचा असतो, आणि सोबतच्या ताटलीतली काकडी, कच्चा कोबी आणि चवळीच्या लांब शेंगा, यात काहीही घातलेलं नसतं.