औंढ्याच्या लायगोला २६०० कोटी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

मी परभणीत एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे लग्नात जा, दहाव्याला जा, एसटीत शेजारी कुणी ओळखीचं बसू द्या, प्रश्न ठरलेला. सर, ते हिंगोलीला औंढा नागनाथजवळ लायगो होतंय म्हणे, २६०० कोटींचं, अन् आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर, मग ब्लॅक होल बघून काय करायचंय? (लायगो म्हणजे ब्लॅक होल आदळले की येणारी गुरुत्वाकर्षणाची लहर पकडायचं यंत्र.)

टँकरचं आधी. लायगोचा पैसा अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाकडून येतो, तो उद्या रद्द झाला तर तुमच्या वाडीत नळ येणार नाही. हे उत्तर खरं आहे, पण पळवाटीचं आहे हे मलाही कळतं. पैसा शेवटी जनतेचाच ना.

म्हणून तो जातो कशावर ते सांगतो. दूर कुठंतरी दोन ब्लॅक होल एकमेकांवर आदळले की जी लहर येते, तिच्यामुळं ४ किलोमीटर लांबीच्या नळीतल्या आरशांमधल्या अंतरात जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या आकाराच्याही शेकडो पट लहान असतो, आणि हा फरक मोजायचा तर एकट्या फिजिक्सवाल्याच्या बापाला जमत नाही. लेसर आणि ऑप्टिक्स इंदूरच्या आरआरकॅट या संस्थेकडे, व्हॅक्यूम गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेकडे, बांधकाम मुंबईच्या अणुऊर्जावाल्यांच्या डीसीएसईएमकडे, आणि जागा शोधणं, डेटा, कॉम्प्युटिंग हे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेकडे. वर जमीन किती हलते ते बघायला भूकंपवाले हवेत, आरसे टांगायला मेकॅनिकलवाले हवेत. प्रत्येकाची संस्था वेगळी, बॉस वेगळा, प्रमोशनचे नियम वेगळे. या सगळ्यांना वर्षानुवर्षं एका टेबलावर बसवून ठेवायचं, त्याचा हा खर्च आहे. यंत्राचे बरेचसे भाग तर अमेरिका देणार आहे.

आणि हे टेबल चालवायला सरकारच लागतं, कारण थांबायची ताकद दुसऱ्या कुणाकडे नाही. अमेरिकेत त्यांच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं यात पैसे घातले, बांधकाम ९० च्या दशकात, पहिलं यंत्र २००२ ते २०१० चाललं आणि सापडलं काय, तर शून्य. अहो, कुठला शेठ अशा धंद्यात अजून पैसे घालेल? त्यांनी घातले, यंत्र सुधारलं, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली, २०१७ ला नोबेल. त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लहर आली, इटलीचं यंत्रही तेव्हा चालू होतं म्हणून जागा बरीच नेमकी कळली, मग ७० च्या आसपास दुर्बिणी तिकडे वळल्या, पुढे नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही ते बघितलं, आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरीत बनतात याचा पुरावा मिळाला. अंगावरचं सोनं कुठून आलं हे कळलं, भाव काही उतरला नाही, असो. औंढ्याचं यंत्र हवंय ते याचसाठी, जगाच्या या बाजूला एक कान असला की आवाज कुठून आला ते अजून नीट कळेल.

आपण या टेबलावर बसलो कसे हेही ऐका. आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारापासून गोंगाटातून ही लहर ओळखायची कशी याचं गणित करत होते, बंगळुरात बाला अय्यर लहरीचा आकार कसा असेल ते काढत होते. यंत्र नव्हतं तेव्हा. कागद, कॉम्प्युटर आणि पगार, एवढाच खर्च. माझ्या मते सगळ्यात वसूल झालेला सरकारी पैसा हाच.

आता माझी तक्रार, ती २६०० कोटींबद्दल नाहीच. मी आणि शेतीकडचा एक मित्र, आम्ही कापसाच्या रानातली ओल मोजायचा स्वस्त सेन्सर करायचा म्हणून मिळून प्रपोजल टाकलं होतं. फिजिक्सची कमिटी म्हणाली हे शेतीचं आहे, शेतीची म्हणाली हे इलेक्ट्रॉनिक्सचं आहे, फाइल दोन टेबलांच्या मधे पडली ती पडलीच. रक्कम एवढीशी होती की लायगोच्या हिशोबात चहापाण्यातसुद्धा दिसली नसती. मोठ्या कामाला निदान वरून कुणीतरी सांगतं की एकत्र बसा, छोट्याला कुणी सांगत नाही. २०२३ च्या कायद्यानं संशोधनाला पैसे देणारं ते नवीन एएनआरएफ आलंय, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणतात, पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचेत. ते आले तर कमिट्यांची तोंडं एकमेकांकडे वळवायला थोडे वापरा, एवढंच मागणं.

आणि उशीर, तो तर आहेच. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ला, पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ ला. सात वर्षांत माझी पोरं एमएस्सी होऊन बँकेच्या परीक्षा देऊन नोकरीलाही लागली.

राहिला तो दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या मागोमाग हळूच येतो: पोरगं आयटीआय वेल्डर आहे, तिथं लागंल का? माझ्या हातात काही नाही, वशिला तर अजिबात नाही. पण ४ किलोमीटरच्या दोन स्टीलच्या नळ्या वेल्ड कराव्या लागतात आणि हेलियम सोडून तपासतात, सुईच्या टोकाएवढी गळतीही चालत नाही. तसलं वेल्डिंग शिकायला पाठवा पोराला, औंढ्यात नाही तर दुसरीकडे कुठंतरी मागणी निघेलच.