दोरी खाली कुठे जाते ते बघ

माझ्या फोनमध्ये एक फोल्डर आहे, त्यात फक्त एकमेकांत अडकलेल्या गोष्टींचे फोटो आहेत. बोरीच्या काट्यात अडकलेला मांजा, बाभळीवर पसरलेली अमरवेल, विजेच्या खांबावरच्या वायरी, एसटी स्टँडवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली भावंडं, असं सगळं. मित्र विचारतात की हे काय नुसते गुंत्याचे फोटो काढत बसतो, कुठे पाटणादेवीला चल, धबधबा काढ. धबधबा मलाही आवडतो, पण माझा जीव या गुंत्यातच रमतो, आणि का रमतो ते आज जरा सविस्तर लिहितो.

आमच्या अमळनेरच्या बाजूला नाल्याकाठी शिंदीची झाडं भरपूर. त्यातल्या एका शिंदीला पिंपळाने धरलंय. पक्षी पिंपळाची फळं खातात आणि शिंदीवर येऊन बसतात, मग विष्ठेतून बी शिंदीच्या जुन्या झावळ्यांच्या बेचक्यात पडतं. तिथे थोडा कचरा अन् ओल असली की ते रुजतं आणि त्याची मुळी खोडावरून खाली खाली येत एक दिवस जमिनीला लागते. जमीन लागली की मग बघायचं काम नाही, मुळ्या जाड होतात, एकीला दुसरी भेटली की चक्क चिकटून एक होतात आणि शिंदीभोवती जाळीच तयार होते. ही जाळी आवळून झाडाला मारते असं आपण सगळेच म्हणतो. आंबा-निंबासारख्या झाडाच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे, कारण त्याचं खोड दरवर्षी जाड होत जातं आणि आवळलं की त्याची सालच दबते. पण शिंदी, ताड, नारळ यांची खोडं तशी जाड होत जात नाहीत, म्हणून ती त्या मिठीत बरीच वर्षं तग धरून राहतात, त्यांना खरा त्रास होतो तो वर पसरलेल्या पिंपळाच्या सावलीचा. हे कळल्यावर मी त्या झाडाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. खाली नाही, वर कॅमेरा लावायला लागलो, जिथे शिंदीची झावळी पिंपळाच्या पानांतून उन्हाकडे बाहेर पडायला बघते तिथे.

आता फोटोचं म्हणाल तर गुंत्याचा फोटो काढणं अवघड असतं, आणि त्याचं कारण साधं आहे. आपल्याला दोन डोळे आहेत, त्यामुळे कोणती वेल पुढे अन् कोणती मागे ते आपोआप कळतं. कॅमेऱ्याला एकच डोळा, तो सगळं एका कागदावर चपटं करून टाकतो. समोर उभं राहून जे इतकं भारी दिसत होतं ते फोटोत नुसता कचरा होऊन बसतं. दुपारच्या उन्हात तर विचारूच नका, आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन डोक्यावरून येतं, निम्मं पांढरं पडतं अन् निम्मं काळं. यावर उपाय एकच, उजेड बाजूने पाहिजे. सकाळी सूर्य अजून खाली असताना वरच्या वेलीची सावली खालच्या वेलीवर पडते, आणि त्या सावलीमुळेच कळतं की ही हिच्या वरून गेली. मोबाईलवाल्यांनी पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा हे माझं स्पष्ट मत आहे, बारीक दोऱ्या अन् वेलींच्या कडा त्याला नीट ओळखता येत नाहीत, मधलीच एखादी दोरी तो धूसर करून टाकतो आणि फोटोतला सगळा अर्थच जातो. कॅमेरा असेल तर फार जवळ गेल्यावर फोकसची जाडी, म्हणजे जेवढं स्पष्ट येतं तेवढा पट्टा, अगदी पातळ होते, तेव्हा लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र लहान करा, एफ ८ नाहीतर एफ ११, आणि फोकस ठेवा जिथे दोन गोष्टी एकमेकींना ओलांडतात त्या जागेवर.

बाजूच्या उजेडावरून केकी मूस आठवणारच. चाळीसगावचे छायाचित्रकार, कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९), खान्देशातल्या फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या बंगल्यात एकदा तरी जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. या माणसाने आयुष्याची कित्येक दशकं जवळजवळ त्या घरातच काढली, आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड खेळवून असे देखावे उभे केले की बघणाऱ्याला वाटावं हा कुठल्या दूरच्या मुलखातला फोटो आहे. घराला नावही त्यांनी रेम्ब्राँ या चित्रकाराचं दिलं होतं, तो तर अंधार-उजेडाचाच राजा. मी तिथे उभा राहून विचार करत होतो की विषय शोधायला लांब जावं लागत नाही, उजेड कुठून येतो ते कळलं की टेबल पुरतं.

पण माझे डोळे खरे उघडले ते बाज विणणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांनी ओट्यासमोर बाज उलगडून ठेवली होती, जुनी दोरी काढून अंबाडीची नवी भरत होते. मी आपला त्यांच्या हातांचे फोटो काढत बसलो, सुरकुत्या, नखं, शिरा, सगळे काढतात तसेच. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय काढी ऱ्हायना रे भाऊ?" म्हटलं, बाबा, तुमचे हात. तर म्हणाले, "हातमा काय शे? दोरी खाले कोठे जास ते दख."

मग मी ओट्यावरून खाली उतरून मातीत बसलो आणि बाजेच्या बुडातून वर बघितलं, आणि खरं सांगतो, तिथून ती वीण वेगळीच दिसली. वरून चौकडी एकदम सारखी दिसते. खालून कळतं की प्रत्येक दोरी दोघींच्या वरून अन् मग दोघींच्या खालून जाते, पुढची ओळ एक घर सरकते, आणि म्हणून ते तिरपे पट्टे पडतात. पायथ्याला एक वेगळी दोरी असते, तीच ओढून सगळी बाज पुन्हा ताठ करता येते. कुठेही खिळा नाही, एकीच्या दाबाने दुसरी जागेवर राहते. ऊन आडवं येत होतं, प्रत्येक दोरीची सावली शेजारणीवर, अन् दोरीतला पीळसुद्धा मोजता येईल इतका स्पष्ट. बाबांनी तोही दाखवला, वाखाचे, म्हणजे अंबाडीच्या तंतूंचे, पदर आधी एकीकडे वळायचे आणि मग ते पदर एकत्र उलट्या दिशेने वळायचे, म्हणजे सुटायला बघणारा पदर दोरीला उलट घट्टच करतो. तो फोटो माझ्या सगळ्या फोटोंत मला सर्वात जवळचा आहे आणि त्यात हाताचं एक बोट तेवढं दिसतं, कोपऱ्यात.

त्यानंतर मी चांगदेवला गेलो होतो, तापी-पूर्णेच्या संगमावर. वाटलं होतं दोन नद्या एकमेकींत गुंतलेल्या मिळतील. जागा सुंदर, मंदिर तर काय बोलायचं. पण खाली हतनूरचं धरण आहे, त्याचं फुगवट्याचं पाणी इथपर्यंत पसरलेलं असतं आणि दोन नद्यांचं एकच तळं होऊन जातं. कोणती तापी अन् कोणती पूर्णा ते पाण्यावरून मला काही ओळखू आलं नाही. तिथे मला पटलं की माझा विषय मिसळण्याचा नाहीच, जिथे दोघी वेगवेगळ्या राहून एकमेकींना धरून असतात तिथे माझा फोटो असतो.

आता सध्या मी कपाशीच्या मागे आहे. खान्देशात कपाशी म्हणजे काय ते मी सांगायला नको, घरातली लग्नं कपाशीच्या भावावर ठरतात. पण तो कापूस आपण जवळून बघितलेला असतो का? एका ओळखीच्या सरांनी कॉलेजच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मला एक तंतू दाखवला. कापसाचा एक तंतू म्हणजे बियाच्या सालीतून वाढलेली एकच पेशी असते, बोंड फुटलं की ती सुकते, चपटी होते आणि सुकताना स्वतःच पिळली जाते, रिबन पिळावी तशी. त्या नैसर्गिक पिळामुळेच तंतू एकमेकांना धरतात अन् सूत काढता येतं, सरळसोट गुळगुळीत असता तर सूत धरलंच नसतं. मी मायक्रोस्कोपच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाईल टेकवून फोटो काढला, कडा अंधाऱ्या, मधे एक गोल, आणि त्यात पिळलेली काचेसारखी पट्टी, तिच्यावरून दुसरी गेलेली. घरी आईला दाखवला. ती आयुष्यभर कापूस वेचत आलेली, तिने फोन हातात घेतला अन् बराच वेळ मोठा करून करून बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणून तो बोटाला असा धरतो."

आता मला अजून बाजा विणणारे लोक हवेत. बाजारात नायलॉनच्या पट्ट्या आल्यापासून अंबाडीची दोरी भरणारे हात आमच्या गावात फार उरलेले नाहीत. चोपडा, यावल, शिरपूर, शहाद्याकडे तुमच्या घरात, गल्लीत कोणी विणत असेल, वाख वळत असेल, तर मला कळवा. मी सकाळी लवकर येईन, कारण उजेड आडवा लागतो, आणि बसायला खाली मातीत जागा दिली तरी चालेल.