तुम्ही विचारलंत म्हणून : यादीत नाव होतं, मग जागा का सापडत नव्हती?

"तारीख माहीत होती, गाव माहीत होतं, सरकारी यादी होती. मग चार वर्षं कशी लागली?" इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात हे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. माझ्या इंग्रज सासूबाईंची माणसं १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेली, त्यांच्या कबरी मी शोधल्या, त्याबद्दल हा प्रश्न असतो. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो बहुतेक जण मनातच ठेवतात. मिरजेच्या आत्या मात्र उघड बोलतात : "अगं, आपल्यात राख नदीत सोडली की माणूस मोकळा. तू त्या लोकांच्या कबरी कसल्या धुंडाळत बसतेस?"

आधी आत्यांना उत्तर देते, कारण त्याशिवाय पहिलं नीट सांगता येणार नाही.

माझे चुलत आजोबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढ-उतार होणारा माल मोजून नोंदणारे कारकून होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी आग लागली आणि चार वाजून गेल्यावर दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचेच ६६ जवान गेले. गोदीतली माणसं शेकड्यांनी गेली. आमचे आजोबा त्या दिवशी कामावर होते, एवढंच घरच्यांना ठाऊक. देह मिळाला नाही. काही महिने वाट पाहून घरच्यांनी पालाशविधी केला. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. शास्त्राने जे सांगितलं ते सगळं झालं. तरी माझी आजी म्हातारपणीही म्हणायची, "पुतळा जाळला गं, पण भाऊजींना कुठे नेलं ते कुणी सांगितलं नाही." दहन की दफन, हा मुद्दाच नव्हता. 'कुठे' हा शब्द तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलाय की सासूबाईंनी तोच शब्द उच्चारला तेव्हा मला भाषांतर करावं लागलं नाही.

सासूबाईंचा जन्म इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातला, १९३४चा. १९४० च्या उन्हाळ्याअखेर शहरावर बॉम्ब पडायला लागले तसं त्यांना मावशीकडे खेड्यात पाठवलं. घरी आई, आजी आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ राहिले. वडील विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात होते. १४ नोव्हेंबरला त्यांची रात्रपाळी होती. त्या रात्री स्वच्छ चांदणं होतं. पाचशेच्या वर जर्मन विमानं आली आणि रात्रभर येत राहिली. सेंट मायकेलचं कॅथीड्रल जळालं, चार हजारांहून जास्त घरं गेली. साडेपाचशेच्या वर माणसं मेली. सासूबाईंच्या घरावर बॉम्ब पडला.

सहा वर्षांच्या मुलीला मावशीने सांगितलं, "आई गेली तेव्हा बाळ तिच्या कुशीत होतं." वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं, लेस्टरला गेले आणि त्या रात्रीबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. सासूबाई ८२ वर्षांच्या झाल्या तेव्हा एकदा चहा पिताना मला म्हणाल्या, "ते तिघं कुठे आहेत ते मला बघायचंय. तुला कागद शोधता येतात ना?" मी लेखापाल आहे. कागद शोधणं हेच माझं काम.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. ब्रिटनने बॉम्बहल्ल्यात मेलेल्या नागरिकांची नावं फार नेटाने लिहून ठेवली आहेत. सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनवर (तेव्हा त्याचं नाव इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन होतं) १९४१ मध्ये हेही काम सोपवलं गेलं. ६० हजारांहून जास्त नावं, सात जाड खंड. ते वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवलेत आणि रोज एक पान उलटलं जातं. हीच यादी आता संगणकावर शोधता येते. लोक इथेच फसतात, मीही फसले. कमिशनने सैनिकांच्या नावांबरोबर कबरीही सांभाळल्या, नागरिकांची मात्र फक्त नावं. त्या नोंदीत वय असतं, घरचा पत्ता असतो, कुणाची बायको, कुणाचा मुलगा ते असतं, मृत्यू कुठे झाला ते असतं. कुठे पुरलं ते नसतं. मृत्यूच्या दाखल्यावरही नसतं; तिथे कारणाच्या रकान्यात 'युद्धकारवाईमुळे' एवढंच. हजारो दाखल्यांवर तेच शब्द.

नाव एका वाटेने गेलं आणि देह दुसऱ्या. मी दोन वर्षं नावाच्या मागे चालत होते.

आई आणि आजी लवकर सापडल्या. हल्ल्यानंतर ओळख पटवणंच इतकं अवघड झालं होतं की कॉव्हेंट्रीच्या नगरपालिकेने सामुदायिक दफन करायचं ठरवलं. लंडन रोडच्या दफनभूमीत यंत्राने लांब चर खणले. २० नोव्हेंबरला पहिल्या १७२ शवपेट्या ठेवल्या, २३ तारखेला त्याहून जास्त. ही दफनभूमी जोसेफ पॅक्स्टनने आखलेली, १८४७ची. लंडनचा काचेचा क्रिस्टल पॅलेस आखणारा तोच हा पॅक्स्टन. मोठाली झाडं, उंचसखल वाटा, फार देखणी जागा आहे. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा त्या आधी झाडांकडेच पाहत राहिल्या. मग नावांपाशी आल्या. आईचं नाव होतं, आजीचं होतं. कुठली पेटी नेमकी कुठे हे त्यावरून कळत नाही, पण त्यांना ते चाललं. त्यांनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं आणि मग म्हणाल्या, "बाळ कुठाय?"

बाळाचं नाव नव्हतं.

लहान मूल, आईच्या कुशीत. वेगळं मोजलंच नसेल, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. पटण्यासारखं होतं. पण कमिशनच्या यादीत कॉव्हेंट्रीखाली तो नव्हता, कॉव्हेंट्रीच्या मृत्युनोंदीतही नव्हता. दोन वर्षांचं मूल घर कोसळून जातं आणि त्याचा कागदच होत नाही, हे मला पटेना.

मग १९३९ची नोंदवही काढली. युद्ध सुरू होताच, २९ सप्टेंबर १९३९ ला, घरोघरच्या माणसांची नोंद केली गेली, ओळखपत्रं आणि रेशनसाठी. या कामात तिचा फार आधार होतो. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत गेले आणि १९४१ ची जनगणना झालीच नाही. नोंदवहीत त्या घराच्या पाच ओळी होत्या. वडील, आई, आजी, आणि खाली दोन काळ्या पट्ट्या. जन्माला १००  वर्षं झालेली नसतील आणि मृत्यूची खात्री नसेल तर ती ओळ झाकून ठेवतात. एक पट्टी सासूबाईंची, त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. दुसरी त्यांच्या भावाची. सरकारच्या लेखी तो मुलगा अजून जिवंत असू शकत होता.

त्या पट्टीकडे पाहून सासूबाई रडल्या. तोवर त्या एकदाही रडल्या नव्हत्या.

तिथून मी नाव शोधणं सोडलं आणि घराचा पत्ता शोधायला लागले. कमिशनच्या यादीत नावाऐवजी घर नंबर आणि रस्ता टाकला. तीन नोंदी आल्या. आई, आजी आणि एक दोन वर्षांचा मुलगा. आडनावात एक अक्षर चुकलेलं. नोंद कॉव्हेंट्रीखाली नाहीच, जवळच्या वॉरिक गावाच्या बाजूला. कारण ही यादी माणूस कुठे राहत होता यावर लावलेली नाही, कुठे मेला यावर लावलेली आहे. मृत्यूची नोंदही त्याच हद्दीत होते. त्या रात्री कॉव्हेंट्रीच्या मुख्य इस्पितळावरही बॉम्ब पडले होते, जखमींना आसपासच्या गावांत हलवलं होतं. मुलाच्या नोंदीत लिहिलं होतं : १४ नोव्हेंबरला अमुक घरात जखमी, १८ नोव्हेंबरला इस्पितळात मृत्यू.

म्हणजे तो आईच्या कुशीत गेला नव्हता. चार दिवस जगला होता.

हे सासूबाईंना सांगावं की नाही यावर आमच्या घरात आठवडाभर बोलणं झालं. नवरा नको म्हणत होता. तिने पाऊणशेहून जास्त वर्षं एक चित्र जपलंय, ते कशाला मोडायचं? मी म्हटलं, त्यांनी विचारलंय ते 'कुठे'. 'कुठे'चं उत्तर देताना 'कधी' लपवता येणार नाही. मीच सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारलं, "चार दिवस? मग त्याच्याजवळ कोण होतं?"

याचं उत्तर कुठल्याच कागदात नाही. मी सगळे कागद पाहिलेत. सांगितलं ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं, पण तो प्रश्न ऐकताना त्यांचा चेहरा सहा वर्षांच्या मुलीचा झाला होता आणि तो मी विसरू शकत नाही.

पुढची वाट सरळ होती, वेळखाऊ मात्र. मृत्यू जिथे झाला तिथल्या नगरपालिकांच्या दफनभूमी, एकेकीच्या कचेरीला पत्र, आणि प्रत्येक पत्रात एकच मागणी : नोव्हेंबर-डिसेंबर १९४० च्या दफनाच्या नोंदी, वय दोन, आडनाव असं किंवा तसं. दोन कचेऱ्यांनी 'नाही' कळवलं. एकीने उत्तरच दिलं नाही, आठ महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की पत्र कुणीतरी चुकीच्या फायलीत लावलं होतं. नोंद तिथेच होती. विभागाचं अक्षर, कबरीचा क्रमांक, दफन २१ नोव्हेंबर. सार्वजनिक कबर, आणखी तिघांबरोबर. दगड नाही.

२० आणि २३ नोव्हेंबरला कॉव्हेंट्रीत सामुदायिक दफनं, मधे २१ ला सोळा-सतरा किलोमीटरवर हे. त्या आठवड्यात बायको, सासू आणि मुलगा यांना सासूबाईंचे वडील दोन ठिकाणी पोहोचवत होते. स्वतः पोहोचले का, रस्ते आणि रूळ मोडलेल्या त्या दिवसांत कसे गेले, माहीत नाही. सासूबाई आधी वडिलांबद्दल जरा कोरडेपणाने बोलायच्या. ही तारीख कळल्यापासून तसं बोलत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला असं शोधायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा : नावाच्या नाही, मृत्यूच्या ठिकाणाच्या मागे जा. पत्त्याने शोधा, नावाचं स्पेलिंग त्या काळात घाईत ऐकून लिहिलेलं असतं. इस्पितळाचा उल्लेख दिसला की गाव बदला. आणि नातेवाइकांनी देह मागून आपल्या गावी नेला असेल हेही धरून चाला. तशी मुभा होती.

मार्चमध्ये आम्ही गेलो. दफनभूमीतल्या कामगाराने जुना नकाशा आणला होता. तो ओळी मोजत गेला आणि गवतात एका जागी लाकडी खुंटी ठोकून बाजूला झाला. टोपी काढून उभा राहिला, आम्ही तिथे होतो तोवर घातली नाही. सासूबाईंनी पिवळी डॅफोडिल्स नेली होती. फुलं ठेवायला त्यांना वाकता येईना, म्हणून मी खाली बसले आणि त्या दाखवतील तिथे ठेवली. त्यांनी अर्धीच ठेवायला सांगितली.

"बाकीचे तिघं कोण?" त्यांनी विचारलं.

मला ते बघायचं सुचलंच नव्हतं. कचेरीतून नोंद पुन्हा मागवली. दोघं तिथलेच म्हातारे. तिसरी १९ वर्षांची मुलगी, त्याच आठवड्यातली, पत्ता कॉव्हेंट्रीचा. लंडन रोडच्या नावांत तीही नाही. उरलेली डॅफोडिल्स तिची. तिच्या घरचं कुणी असेल तर ते लंडन रोडलाच शोधत असणार, म्हणून सध्या मी तिच्या पत्त्यावरून १९३९ ची नोंदवही पुन्हा उघडली आहे. त्या घरात सहा ओळी आहेत. त्यातली एक अजून झाकलेली आहे.