तुम्ही विचारलंत म्हणून: ती निळी बटणं

पावसाळ्यात मोरजीच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत निळी बटणं दिसू लागली की मला फोटो येतात. प्रश्न एकच: "हे प्लास्टिक की जिवंत?"

जिवंत. निदान भरतीपर्यंत तरी होतं.

नाव पोर्पिटा. दोन-तीन सेंटिमीटरची चकती, आत हवेचे कप्पे, कडेला निळी झालर. दिसतं एक, पण असते ती अनेक जीवांची वसाहत: कुणी भक्ष्य धरतं, कुणी पचवतं, कुणी पुढची पिढी घडवतं. वाऱ्याविरुद्ध जाण्याची ताकद नाही. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा धरला की ती आमच्या दारात येऊन पडते.

ती एकटी नसते. भर समुद्रात, पाणी आणि हवा भेटतात त्या पातळ पदरावर, अख्खी वस्ती नांदते. त्यातली माझी सगळ्यात लाडकी जांथिना, जांभळी गोगलगाय. चिकट स्रावात हवा कोंडून ती बुडबुड्यांचा तराफा बांधते, त्याला उलटी लटकते आणि हीच बटणं खाते. तराफा तुटला की तळाशी जाते. तिला पोहता येत नाही. एकदा मला तिचा शंख मिळाला, तराफ्याचा चिवट तुकडा अजून चिकटलेला. शंखाचं टोक फिकट, तोंडाकडची बाजू गडद जांभळी. उन्हात फिरवून बघताना लक्षात आलं: उलटी लटकते, म्हणजे गडद बाजू आकाशाकडे! वरून पक्ष्याला आणि खालून माशाला ती सहज दिसू नये म्हणून हे रंग, असं मानतात. ग्लॉकस नावाची बिनशंखाची गोगलगायही पोटात हवा घेऊन अशीच उताणी तरंगते, निळं पोट वर करून.

आणि हॅलोबेटिस! लाखो जातींच्या कीटकांत भर समुद्रात राहणारे तेवढेच. पाण्यावर धावतात, अंडी तरंगत्या पिसावर घालतात. आता प्लास्टिकच्या तुकड्यांवरही घालतात. तेव्हा "प्लास्टिक की जिवंत" याचं उत्तर कधीकधी "दोन्ही" असतं, आणि ते मला फार लागतं.

बटणाला हात लावलात तर थोडं चुरचुरेल. पण त्याच रेषेत निळसर-गुलाबी फुगा आणि त्यामागे लांब दोरे दिसले तर तो फायसेलिया. त्याला हात लावू नका, तो मेलेला असला तरी. वाळूत पडलेले दोरेही डंखतात. मुलांना अनवाणी सोडू नका.