तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांच्या गोळीबद्दल

"कोलेस्टेरॉलच्या गोळीनंच आप्पांना लिव्हरचा कॅन्सर झाला ना? मग तू तीच गोळी कशी घेतेस?" लग्नात, बारशात, अगदी वर्षश्राद्धाच्या पंगतीतही मला हे विचारलं गेलंय. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या एसटीतल्या मित्रांनी विचारलंय, दोन्ही आत्यांनी विचारलंय. दर वेळी मी विषय बदलला. पण तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या धाकट्या भावाला गोळी बंद करायला सांगितलंत आणि त्यानं ती बंद केली. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

आप्पांचा कॅन्सर हिपॅटायटिस बी या विषाणूतून आला. तो त्यांच्या रक्तात किती वर्षं होता, ते आता कळायला मार्ग नाही. अँजिओप्लास्टीनंतर त्यांचं रक्त कितीदा तरी तपासलं गेलं. साखर, क्रिएटिनिन, लिपिड प्रोफाइल, सगळं झालं. पण विषाणूच्या तपासणीचे निकाल बघून कुणी त्यांना काही सांगितल्याचं आम्हाला आठवत नाही, आणि घरातल्या फाइलीत तसा कागदही नाही.

त्या फाइलीतला एक रिपोर्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला आहे, कारण आप्पांनीच तो दाखवला होता. एकूण कोलेस्टेरॉल 96. मिरजेच्या घरात त्या संध्याकाळी केवढा आनंद झाला होता! मोठी आत्या म्हणाली, वहिनीनं बिनतेलाचं करून घातलं त्याचं फळ मिळालं. आईचा चेहरा उजळला. आप्पांनी लगेच कांदाभजी मागितली आणि ती त्यांना मिळालीही. त्यांचं वजन उतरलं होतं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं, त्याचंही सगळ्यांनी कौतुक केलं. लॅबच्या कागदावर मर्यादेबाहेर गेलेला आकडा ठळक छापतात. 96 साध्या अक्षरात होता, कारण शेजारी लिहिलं होतं, 200 पेक्षा कमी असावं. ठळक होत्या त्या प्लेटलेट्स, 88 हजार. त्यावर सगळ्यांनी ठरवलं की मध्यंतरी ताप येऊन गेला असणार, आणि आप्पांना पपईच्या पानांचा रस सुरू झाला. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही कमी होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पावसाळा संपता संपता पाय सुजले, मग पोटात पाणी झालं. मुंबईच्या हॉस्पिटलात एका तरुण निवासी डॉक्टरनं आमची फाइल सोडवली आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे पलंगावर मांडले. एकेका कागदावर पेन टेकवत ती वाचत गेली: 168, 150, 121, 96. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गोळी तीच, डोस तोच. मग कोलेस्टेरॉल उतरत का गेलं?" मी म्हटलं, पथ्यानं. तिनं मान हलवली. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हरच तयार करतं. लिव्हर आतून व्रण पडून कडक होत गेलं, सिरोसिस झाला, की ते बनवणंच कमी होतं. अल्ब्युमिनही लिव्हरच बनवतं, म्हणून तेही घसरलं. प्लीहा सुजून प्लेटलेट्स अडकवून ठेवते, म्हणून त्या कमी दिसल्या. ज्या आकड्यावर आम्ही भजी तळली, तो आप्पांचं लिव्हर थकल्याचा पुरावा होता.

त्याच दिवशी डॉक्टरांनी आप्पांची कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला, हे मला माहीत आहे. "बंद केली म्हणजे तीच कारण असणार." नाही. पोटात पाणी होण्याइतकं लिव्हर बिघडलं, की शरीर ही गोळी नीट निचरू शकत नाही, रक्तात तिचं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून त्या अवस्थेत ती थांबवतात.

मीही तेव्हा ऐकलं नाही. घरी येऊन सगळ्या स्ट्रिप्स कचऱ्यात टाकल्या आणि माझी स्वतःची गोळीही सोडली. डॉक्टर डॉक्टरांचीच बाजू घेणार, असं मला ठामपणे वाटत होतं. क्लोफायब्रेट नावाच्या जुन्या औषधानं उंदरांच्या लिव्हरमध्ये गाठी झाल्या होत्या, असा एक मेसेज तेव्हा फिरत होता. ते खरं आहे. पण ते औषध वेगळ्या जातीचं आहे, आप्पांच्या गोळीसारखं स्टॅटिन नव्हे, आणि उंदरांत जे घडलं ते माणसांत दिसलेलं नाही. ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी त्यांना कॅन्सर जास्त, हेही मी वाचलं होतं. 1980 च्या दशकात यावर बराच वाद झाला. पुढे लक्षात आलं की न सापडलेला आजारच आधी कोलेस्टेरॉल खाली आणतो. अभ्यासाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत कॅन्सर निघालेले रुग्ण हिशेबातून वगळले की तो संबंध बराच फिका पडतो. आमच्या पलंगावर मांडलेल्या कागदांत हेच तर लिहिलेलं होतं.

मग मी उलट्या टोकाला गेले. 2019 साली स्वीडनमधला एक मोठा अभ्यास आला. हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले 16,000 हून जास्त लोक त्यात होते. अ‍ॅटोर्वास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन यांसारखी चरबीत विरघळणारी स्टॅटिन घेणाऱ्यांत दहा वर्षांत लिव्हरचा कॅन्सर 3.3 टक्के लोकांना झाला, न घेणाऱ्यांत 8.1 टक्के. पाण्यात विरघळणाऱ्या रोसुवास्टॅटिनसारख्या गोळ्यांत असा फरक दिसला नाही. मी तो कागद छापून भावाला दिला आणि म्हटलं, ही तुझी ढाल.

आज मी तसं म्हणणार नाही. तैवानमध्येही अशीच निरीक्षणं आली आहेत, पण ही सगळी निरीक्षणंच. लिव्हर आधीच नाजूक असेल तर डॉक्टर ही गोळी द्यायला कचरतात, त्यामुळे गोळी घेणारे मुळातच जरा धडधाकट असू शकतात. चिठ्ठी टाकून काहींना गोळी, तर काहींना नुसती पिठाची गोळी किंवा कमी डोस दिलेल्या अशा चाचण्यांचा एकत्रित हिशेब 2012 साली झाला. 27 चाचण्या, सुमारे पावणेदोन लाख माणसं. कॅन्सर वाढलाही नाही आणि घटलाही नाही. पण त्या चाचण्या साधारण पाच वर्षांच्या, आणि लिव्हरचा कॅन्सर हळूहळू घडत जाणारा. तेव्हा गोळी वाचवते की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती कॅन्सर करते असं मात्र इतक्या माणसांत दिसलेलं नाही. रक्तात लिव्हरचे एन्झाइम थोडे वाढू शकतात, लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते. इतकी क्वचित, की 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं दर थोड्या महिन्यांनी एन्झाइम तपासायची सूचनाच काढून टाकली.

मी गोळी घेते ती हृदयासाठी. आप्पांच्या घराण्यात हार्ट अटॅक किती जणांना आले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता भावाचं. आप्पांचं निदान झाल्यावर आम्हा सगळ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी झाली. आई आणि मी निगेटिव्ह निघालो, लस घेतली. तो पॉझिटिव्ह निघाला. ही लस 2002 साली आपल्याकडे काही ठिकाणी सुरू झाली आणि 2011 च्या सुमारास देशभर सरकारी लसीकरणात आली. आमच्या लहानपणी ती कुठली मिळायला! हा आजार एका ताटात जेवल्यानं होत नाही, तेव्हा त्याचा पेला वेगळा ठेवणं कृपा करून बंद करा. त्याला विषाणूवरची गोळी चालू आहे आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे. बी प्रकारात सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ती चुकवून चालत नाही. त्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 178 आहे. डॉक्टरांनी स्टॅटिन पुन्हा सुरू कर म्हणून सांगितलंय. तो म्हणतो, "सगळे म्हणतात ते काय उगाच?"

मी समजावून थकले आहे. माझ्या बोलण्यात त्याला आप्पांच्या वेळची भीती ऐकू येते, आणि ती असतेच, नाही कशाला म्हणू? या वेळची सोनोग्राफी अजून व्हायची आहे. गणपतीत तो मिरजेला येईल. गोळीवरून तुम्ही माझ्याशी कितीही भांडा, मी तयार आहे. त्याला मात्र सोनोग्राफी कधी आहे तेवढंच विचारा, आणि पुढं ढकलतो म्हणाला तर मला लगेच फोन करा.