अठ्ठ्याण्णव कशाचे?

सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावात मी २७ वर्षांपासून जनरल प्रॅक्टिस करतो आहे. मार्च २०२० पर्यंत फोनवर औषध सांगायचे नाही हा माझा नियम होता आणि त्यामागे कारणही होते. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका रुग्णाच्या मृत्यूच्या प्रकरणात, प्रत्यक्ष न तपासता फोनवरून उपचार सांगण्याच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. तेव्हापासून रात्री-अपरात्री आलेल्या फोनवरही मी "दवाखान्यात घेऊन या" एवढेच सांगत असे.

२५ मार्च २०२० रोजी, म्हणजे करोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. जुन्या रुग्णाची चालू औषधे पुढे लिहून देता येतील, नव्या रुग्णाला काही औषधे व्हिडिओवर पाहिल्याशिवाय देता येणार नाहीत आणि अमली वर्गातील औषधे मुळीच देता येणार नाहीत, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. कायद्याचा आधार मिळाला, पण छातीला स्टेथोस्कोप न लावता रुग्ण तपासायचा कसा, हे आमचे आम्हालाच शिकावे लागले.

रुग्णांच्या घरी व्हॉट्सॲप होते, म्हणून मीही तेच वापरले. घरच्यांना मोबाइल पायथ्याशी उशीला टेकवून ठेवायला सांगायचो, पांघरूण पोटापर्यंत खाली घ्यायला लावायचो आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचो. त्या मिनिटात रुग्णाशी एक शब्दही बोलायचा नाही, कारण श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणूस नकळत तो सावरून घेतो. आकडा २४ किंवा त्याहून वर गेला की घरी ठेवण्याचा विचार सोडून द्यायचा.

ऑगस्ट महिन्यात एका सत्तरीच्या काकांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे, काळजी करू नका," ते म्हणाले. मात्र 'ऑक्सिजन'नंतर ते क्षणभर थांबले होते आणि 'अठ्ठ्याण्णव'नंतर पुन्हा थांबले. मी या माणसाला वीस वर्षे ओळखतो; गुडघ्याची तक्रार सांगताना शेतातल्या विहिरीपासून भावकीच्या वाटणीपर्यंत सगळे ते एका दमात सांगतात. मी सूनबाईंना फोन घ्यायला सांगितले आणि ऑक्सिमीटरचा फोटो मागवला. त्यात दोन आकडे होते: नाडी ९८ आणि ऑक्सिजन ८८. अर्ध्या तासात रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. काका बरे होऊन घरी आले, पण तो फोटो मागवला नसता तर काय झाले असते, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. त्या दिवसापासून आकडा तोंडी ऐकायचा नाही, बोटासकट फोटोच मागवायचा, आणि बोट गार असेल तर आधी चोळून गरम करायला सांगायचे, असा नियम केला.

अनोळखी माणसाने तेच वाक्य त्याच थांब्यांसह सांगितले असते, तर मी ते बहुधा मान्य केले असते. त्या काळात दूरच्या गावांतून, नातेवाइकांकडून नंबर मिळवून अनेकांनी मला फोन केले. त्यांच्याशी बोलताना माझ्या हाती फक्त आकडे होते आणि त्या आकड्यांवर मी कधीच निर्धास्त झालो नाही.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, वेगळेच संकट उभे राहिले. एका रुग्णाला लिहून दिलेल्या औषधांचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर फिरत राहिला आणि ज्यांचा ऑक्सिजन उत्तम होता, त्यांनीही पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांत मधुमेही होते. स्टेरॉइडमुळे मधुमेहींना जिचा धोका वाढतो, त्या काळ्या बुरशीचे रुग्ण राज्यभर वाढू लागले, तेव्हा मी फोन करकरून एकेकाला विचारत होतो की गोळी कोणी दिली. दवाखान्यात दिलेला कागद रुग्णाच्या खिशात राहतो, फोटो मात्र कोणाच्याही हाती जातो. मग मी प्रत्येक चिठ्ठीवर रुग्णाचे नाव आडवे, ठळक अक्षरांत लिहू लागलो आणि खाली "ही औषधे इतर कोणीही घेऊ नयेत" अशी ओळ घालू लागलो. हे मला वर्षभर आधी सुचायला हवे होते.

नोंदी ठेवणे हे त्या मार्गदर्शक तत्त्वांत डॉक्टरचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, आणि नेमके तेथेच मी कमी पडलो. दिवसाला शंभरावर संदेश येत असताना केसपेपर लिहायला वेळ मिळाला नाही. २०२२ मध्ये मी आणि माझा कंपाउंडर रोज दुपारी दोन तास बसून मोबाइलमधील फोटो एकेका केसपेपरवर उतरवू लागलो. बहुतेक नोंदी लागल्या. काही फोटोंत मात्र फक्त एक बोट आणि त्यावरचा आकडा आहे. नंबरावर फोन केला तर तो बंद लागतो. ते बोट कोणाचे आणि पुढे त्या माणसाचे काय झाले, हे मला आजही माहीत नाही.